नाममुद्रेचे ऋण

बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांत पद गाणाऱ्यास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही : शेवटच्या चरणात कर्त्याची खूण असते. बाराव्या शतकात कल्याणास बसवेश्वरांनी आपल्या वचनांत कूडलसंगमदेव हे अंकित ठेवले. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरी श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी व हिंदी पदांत 'माणिक' ही मुद्रा घातली. पद एका मुखातून दुसऱ्या मुखी गेले, एका जातीतून दुसऱ्या जातीत गेले, तरी त्याचा धनी हरवला नाही. मुद्रा नसती तर काय झाले असते, याचा दाखला आम्हांस दूर विलायतेतील एका गायकवृंदाच्या इतिहासात सापडतो.

हा वृंद म्हणजे 'रोलिंग स्टोन्स'. १९६१ च्या ऑक्टोबरात डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स या बालमित्रांची पुन्हा गाठ पडली. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्यांवरूनच मैत्री जुळली. पुढे ब्रायन जोन्स यांच्यासह त्यांनी १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबात पहिला कार्यक्रम केला. वृंदाचे नावही मडी वॉटर्सच्या एका पदावरून घेतलेले.

हे मडी वॉटर्स मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबलेले कृष्णवर्णीय गायक. १९४३ साली ते शिकागोस गेले व तेथे विजेच्या गिटारीवर गाऊ लागले. जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे त्यांच्या संगीताचे मूळही कष्टात होते. त्यालाच पुढे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हणू लागले. अमेरिकेत वर्णभेदामुळे पुष्कळ गोऱ्या घरांत हे गायन पोहोचले नव्हते. इंग्लंडातील तरुणांनी मात्र ते तबकड्यांवरून घोकून पाठ केले.

शिष्यांनी गुरूंस मान दिला, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९६४ साली ते शिकागोच्या चेस ध्वनिमुद्रणालयात तीर्थयात्रेस जावे तसे गेले. १९६५ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निमंत्रण आले, तेव्हा आपल्याबरोबर वृद्धत्वाकडे झुकलेल्या हाउलिन वुल्फ यांनाही गाऊ द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि ते गात असता हे तरुण त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिले.

परंतु मान देणे वेगळे आणि नाव लिहिणे वेगळे. १९६९ च्या तबकडीवर त्यांनी 'लव्ह इन व्हेन' हे पद गायिले. ते १९३८ साली दिवंगत झालेल्या रॉबर्ट जॉन्सन यांचे. पण तबकडीवर त्यांचे नाव छापले गेले नाही. जेथे नाव नाही तेथे मानधनही नाही. या पदाच्या स्वामित्वाचा वाद अमेरिकेच्या न्यायालयापर्यंत गेला. पदात मुद्रा असती, तर प्रत्येक गायनात कर्त्याचे नाव आपोआप उच्चारले गेले असते.

वृंदाने हे ऋण उशिरा का होईना, मोठ्या प्रमाणावर मानले. एप्रिल २००३ मध्ये बंगळूर व मुंबई येथे त्यांचे कार्यक्रम झाले, तेव्हा ते जगद्विख्यात होते. २०१६ साली त्यांनी एक संपूर्ण संग्रह काढला : बारा पदे, सर्व जुन्या ब्लूज गायकांची, स्वतःचे एकही नाही. ब्रायन जोन्स १९६९ त, तर ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ त निवर्तले. माणसे बदलली, मूळ गुरूंची पदे तेवढी राहिली.

यातून आम्ही आमच्यापुरता बोध घेतो. दत्तजयंतीस किंवा गुरुवारच्या भजनात वेळ अपुरा पडला की आम्ही शेवटचे कडवे गाळून थेट आरतीस उठतो. गाळतो ते एक कडवे नव्हे. ज्याने पद दिले, त्याचे नाव गाळतो. तेव्हा भजनी मंडळींस आमची विनंती आहे : वेळ नसेल तर मधले एखादे कडवे सोडावे, मुद्रेचे कडवे कधीही सोडू नये.