जोखीम-वर्गीकरण, पीकविम्यातील

पीक, क्षेत्र व हवामान यांच्या आधारे समान जोखमीचे गट पाडून विमाहप्ता व भरपाई ठरविण्याची पद्धती.

उगम : प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी खर्चिक व वादास जागा देणारी असल्याने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी पुरस्कारिलेल्या क्षेत्राधारित तत्त्वावर भारतीय साधारण विमा निगमाने 1979 मध्ये प्रायोगिक योजना आरंभिली. 1985, 1999 व 2016 च्या राष्ट्रीय योजनांनी तेच तत्त्व स्वीकारले (→ पीकविमा).

वैशिष्ट्ये : गट अंतर्गतदृष्ट्या एकजिनसी, अनुमान विश्वसनीय ठरण्याइतका मोठा, वस्तुनिष्ठ निकषांवर आधारलेला आणि विमेदाराच्या इच्छेने न बदलणारा असावा, अन्यथा प्रतिकूल निवड व नैतिक जोखीम उद्भवते (→ विमाशास्त्र). उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी या द्राक्षोत्पादक परिसरात हवामानाधारित फळपीक विम्याचा घटक महसूल मंडळ हा असून, अवकाळी पाऊस व तापमान यांच्या नोंदी संदर्भ हवामान केंद्रावरून घेतल्या जातात. घटक विस्तृत असल्यास केंद्रावरील नोंद व प्रत्यक्ष नुकसान यांत तफावत पडते, तो अतिसंकुचित केल्यास केंद्रांचा खर्च वाढतो व पूर्वकालीन आकडेवारी अपुरी पडते (→ द्राक्ष, महसूल प्रशासन).

महत्त्व : 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्य व गळीत पिकांस 2, रब्बीस 1.5 आणि वार्षिक व्यापारी व बागायती पिकांस 5 टक्क्यांपर्यंत मर्यादित असून, गणिती दराचा उर्वरित भार केंद्र व राज्य सरकारे अनुदानरूपाने उचलतात, त्यायोगे जोखमीनुसार दरभेद राखूनही अधिक जोखमीच्या क्षेत्रातील शेतकरी विम्यास पारखा होत नाही (→ अनुदान, दांडेकर, वि. म.).