एक आवाहन आणि त्यातील वचन

सार्वजनिक कार्यासाठी पैसा मागण्याची आपली जुनी रीत म्हणजे वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणे. ओळखीच्या माणसाला भीड घातली, की वहीत आकडा पडे. परंतु देणारा सातासमुद्रापलीकडे असला आणि मागणाऱ्याचे नावही त्याच्या कानी आलेले नसले, तर भीड कामास येत नाही. सारा भार लेखणीवर पडतो. हा भार पंडिता रमाबाईंच्या लेखणीने १८८७ साली कसा पेलला, ते पाहण्यासारखे आहे.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तल्या. त्याच वर्षी 'द हायकास्ट हिंदू वुमन' हे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली; अनोळखी लेखिकेविषयी वाचकाचा विश्वास तेथूनच सुरू होई. या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणाचे नावच 'आवाहन' असे आहे. बालपण, विवाह, वैधव्य ही आधीची प्रकरणे वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात 'मग आता करावे काय?' असा प्रश्न उभा राहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी लेखिका हात पुढे करते.

या मागणीत नुसती करुणा नाही, योजना आहे. उच्चवर्णीय बालविधवांसाठी निवासी गृह काढावे, त्यांना शिक्षिका, परिचारिका अशा कामांसाठी तयार करून स्वतःच्या पायांवर उभे करावे, आपल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक त्यांना तेथे असावी, आणि दहा वर्षे साह्य मिळावे, असा तो तपशील. कार्यालयात ज्यांचा दिवस अर्ज वाचण्यात जातो, त्यांना याचे मोल सहज कळेल. दुःखाचे वर्णन पानोपानी असते. किती, कशासाठी आणि केव्हापर्यंत, हे सांगणारा अर्ज विरळा. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी तिची मंडळे निघाली, आणि सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यावा, अशी साधी व्यवस्था ठरली. रक्कम लहान, मुदत निश्चित. त्यामुळे बेताच्या प्राप्तीच्या स्त्रीलाही आपला वाटा उचलता येई.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे प्रथम आलेल्या विधवांपैकी गोदूबाई जोशी या पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या. आवाहनाचे फळ असे डोळ्यांना दिसू लागले होते.

परंतु आवाहन केवळ दात्यांना उद्देशून नसते; ज्यांच्यासाठी मागितले, त्यांनाही त्यातील शब्दांनी वचन दिलेले असते. सदन पुण्यास आल्यावर हे प्रकर्षाने जाणवले. धर्माच्या बाबतीत मुलींना मोकळीक राहील, या शब्दांचा अर्थ पालकांनी असा घेतला, की ख्रिस्ती धर्माची छाया त्यांच्यावर पडणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. कोणावर सक्ती नाही, पण माझ्या प्रार्थनेस कोणी आपणहोऊन येऊन बसली तर तिला अडवणार नाही, असा त्यांचा अर्थ होता. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. बोस्टनची मंडळी मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिली. दहा वर्षांची मुदत १८९८ साली सरल्यावर मदतीची व्यवस्था नव्याने झाली, आणि संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप उघड झाले.

दोष कोणाचा, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणसे दोन्ही बाजूंस होती. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले, आणि त्याची किंमत शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलींनी दिली.

म्हणून देणगीचे पत्र लिहिणाऱ्याने टाकापूर्वी दोन माणसे डोळ्यांपुढे आणावीत. एक, जो पैसा देणार आहे. त्याला रक्कम, हेतू आणि मुदत स्पष्ट कळली पाहिजे. दुसरा, ज्याच्या नावे आपण हात पसरला. ते पत्र कधीकाळी त्याच्या हाती पडले, तर त्यात त्याला आपली मानहानी दिसता कामा नये, आणि दिलेल्या शब्दाविषयी संशयही वाटता कामा नये. पैशाचा जमाखर्च वर्षअखेर पुरा होतो; शब्दाचा जमाखर्च मात्र पुढे चालूच राहतो.