कॅपो निवडताना : जशी गिटार, तशी पकड

गायकाचा गळा 'काळी दोन'मध्ये खुलतो आणि साथीला बसलेल्या गिटारवादकाचा हात मात्र सी, एफ, जी या सोप्या कॉर्डांवरच बसलेला असतो. अशा वेळी तडजोड बहुधा गायकालाच करावी लागते. पट्टी बदलली जाते, वरचे सूर ताणले जातात किंवा खालचे सूर विरून जातात. हार्मोनियममध्ये 'स्केल चेंजर' असतो, तसा गिटारला नसतो. ही उणीव भरून काढणारे छोटेसे साधन म्हणजे कॅपो. ते स्वस्त आणि साधे आहे, म्हणूनच ते निवडताना फारसा विचार होत नाही. चुकीचा कॅपो लावला की चांगली गिटारही बेसूर बोलते आणि नवशिक्या वादक दोष देतो तो स्वतःच्या कानाला किंवा वाद्याला.

कॅपो नेमके काय करतो?

'कॅपोटास्टो' या इटालियन शब्दाचे हे लघुरूप. गिटारच्या दांडीवर सर्व तारा एकाच पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, दाबून धरणारी ही पट्टी. एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. साहजिकच कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावला की सी कॉर्डच्या आकारातून 'काळी दोन' मिळते. जी कॉर्डचा आकार पहिल्या फ्रेटवरील कॅपोसह वाजवला तर 'काळी चार' आणि तिसऱ्या फ्रेटवरील कॅपोसह 'काळी पाच' मिळते. कॅपो पट्टी चढवतो, उतरवत नाही, एवढे ध्यानात ठेवून आकार निवडावा.

खुंट्या पिळून तारा चढवल्या तर तेच साधेल, असे कोणाला वाटेल. परंतु तारेचा सूर दोन अर्धस्वरांनी चढवायचा तर तिच्यावरील ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. तार तुटण्याची आणि घोडीवर अनाठायी भार येण्याची भीती त्यात असते. कॅपो ताण न वाढवता तारेची कंपन पावणारी लांबी कमी करतो. ६५० मिलिमीटर लांबीची तार दुसऱ्या फ्रेटवर सुमारे ५७९, तर सातव्या फ्रेटवर सुमारे ४३४ मिलिमीटर उरते. त्यामुळे नाद अधिक तेजस्वी, काहीसा मेंडोलिनकडे झुकणारा होतो. बीटल्सच्या १९६९ मधील 'हियर कम्स द सन' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सातव्या फ्रेटवर कॅपो लावून हाच गुण वापरला आहे.

आधी गिटार पाहावी

कॅपोची निवड ठरते ती तीन गोष्टींवर : दांडीची रुंदी, फिंगरबोर्डचा उंचवटा आणि तारांचा ताण. उंचवटा ज्या वर्तुळाच्या चापासारखा असतो, त्याच्या त्रिज्येने तो मोजतात. त्रिज्या जितकी लहान, तितका उंचवटा अधिक.

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार : आपल्याकडे सर्वाधिक विकली जाणारी गिटार हीच. तिचा उंचवटा साधारण १२ ते १६ इंच त्रिज्येचा असतो. बाजारातील बहुतेक सर्वसाधारण कॅपो तिच्यासाठीच घडवलेले असतात. किंचित वक्र पट्टी आणि पुरेशी ताकद, एवढे येथे पाहावे.

क्लासिकल गिटार : नायलॉनच्या तारांच्या या गिटारची दांडी रुंद, नटपाशी सुमारे ५२ मिलिमीटर, आणि फिंगरबोर्ड सहसा अगदी सपाट असतो. वक्र कॅपो तिच्यावर लावला की कडेच्या तारा घट्ट दाबल्या जातात आणि मधल्या सैल राहून झणझणतात. म्हणून सपाट आणि लांब पट्टीचाच कॅपो घ्यावा. स्पेनमधील फ्लामेंको वादक याच कुळातील गिटारवर 'सेहिया' नावाचा लाकडी कॅपो वापरत आले आहेत. दोरी आणि खुंटी यांनी तो आवळला जातो. तेथेही उद्देश तोच, गायकाच्या गळ्याला जुळवून घेण्याचा.

इलेक्ट्रिक गिटार : तारा बारीक, दाब हलका. जुन्या घडणीच्या फेंडर गिटारींचा उंचवटा ७.२५ इंच त्रिज्येचा, पुढील अनेक मॉडेलांचा ९.५ इंच, तर गिब्सनचा साधारण १२ इंच. सपाट कॅपो अशा बोर्डावर मधल्या तारा दाबतो आणि पहिली व सहावी तार सुटी सोडतो. शिवाय अकूस्टिकसाठी बनवलेली कडक स्प्रिंग बारीक तारांना गरजेपेक्षा अधिक दाबते आणि सूर चढतो. येथे दाब कमी-अधिक करता येणारा कॅपोच हवा.

बारा तारांची गिटार : कॅपोची खरी कसोटी हीच. तिसऱ्या ते सहाव्या जोडीत जाड तारेच्या शेजारी तिच्या वरच्या सप्तकाची बारीक तार असते. जाड तार पट्टीला उचलून धरते आणि बारीक तार नीट दाबली जात नाही. रुंद दांडी आणि जोडतारा यांसाठी खास बनवलेले, अधिक ताकदीचे कॅपो मिळतात. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'मधील सुप्रसिद्ध सुरुवात बारा तारांच्या गिटारवर, सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवलेली आहे.

मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या कांडीने वाजवल्या जाणाऱ्या गिटारला मात्र साधा कॅपो निरुपयोगी ठरतो, कारण तिच्या तारा पडद्यांना टेकतच नाहीत.

पकडीचे प्रकार

स्प्रिंगचा, चिमट्यासारखा कॅपो एका हाताने क्षणात लावता-काढता येतो. मैफलीत दोन गाण्यांच्या मध्ये पट्टी बदलायची तर याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. परंतु त्याचा दाब ठरलेला असतो. स्क्रूचा कॅपो बसवायला वेळ घेतो, पण दाब हवा तितकाच ठेवता येतो. म्हणूनच ध्वनिमुद्रणासाठी तो अनेकांना विश्वासाचा वाटतो. तरफेचा कॅपो या दोहोंच्या मधला : स्क्रूने एकदा दाब ठरवायचा आणि पुढे नुसती तरफ मिटायची. इलॅस्टिकच्या पट्ट्याचा कॅपो सर्वांत स्वस्त आणि हलका; तथापि त्याचा पट्टा कालांतराने सैल पडतो.

केवळ काहीच तारा दाबणारे अर्धे कॅपोही मिळतात. त्यांतून मोकळ्या तारांचे वेगळेच स्वरमेळ निघतात. पहिल्या खरेदीसाठी मात्र ते योग्य नव्हेत.

दुकानात काय तपासावे

शक्यतो स्वतःची गिटार सोबत न्यावी. प्रथम ती ट्यूनरवर नीट जुळवावी. मग कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून मागच्या बाजूस, सरळ बसवावा. एकेक तार स्वतंत्र छेडावी. झणझण ऐकू आली तर दाब अपुरा आहे किंवा उंचवटा जुळत नाही. ट्यूनरचा काटा सर्व तारांवर वर सरकत असेल तर दाब अधिक आहे. किंचित फरक प्रत्येक कॅपोत पडतो आणि तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो; पण दर वेळी सहाही तारा जुळवाव्या लागत असतील तर तो कॅपो त्या गिटारसाठी नाही. हीच परीक्षा पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर पुन्हा घ्यावी, कारण दांडी तेथे जाड आणि रुंद होत जाते. पकडणाऱ्या हाताला कॅपोचा अडथळा होतो का, हेही तेव्हाच कळते.

घरी आल्यावर एक पथ्य पाळावे. वादन संपले की कॅपो उतरवून ठेवावा. सततच्या दाबाने स्प्रिंग व रबर दोन्ही झिजतात. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा मुलामा असलेल्या गिटारवर काही प्रकारचे रबर दीर्घकाळ टेकून राहिल्यास डागही पडतो. रबरावर तारांच्या खोल खाचा पडल्या की दाब असमान होतो. रबर बदलता येत असेल तर ते बदलावे, अन्यथा कॅपोच नवा घ्यावा.

बार कॉर्ड टाळण्यासाठीची ही कुबडी आहे, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. नवशिक्याने बार कॉर्ड शिकायलाच हवेत, हे खरे. परंतु मोकळ्या तारांचा भरघोस नाद बार कॉर्डमध्ये मिळत नाही, हेही तितकेच खरे. महागडा कॅपो घेण्यापेक्षा आपल्या गिटारच्या बोर्डाला जुळणारा घ्यावा. तो नीट बसला की पट्टी गायकाने ठरवावी आणि गिटारने ती सुखाने पाळावी.