भातसेच्या खोऱ्यातील राब
मध्य रेल्वेच्या खर्डी आणि कसारा या स्थानकांदरम्यानचे उंबरमाळी आणि त्याच्या भोवतालची शहापूर तालुक्यातील गावे भातसेच्या खोऱ्यात येतात, तर शेजारच्या मुरबाड तालुक्याचे बरेचसे पाणी काळू नदी वाहून नेते. पुढे या दोन्ही नद्यांचे पाणी उल्हास नदीला मिळते. या खोऱ्यांतील कुणबी, ठाकूर आणि महादेव कोळी शेतकऱ्यांच्या भातशेतीचा आरंभ पिढ्यान्‌पिढ्या राबापासून होत आला. राब म्हणजे रोपे तयार करण्याच्या जागेवर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा टाहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून, पावसाळ्यापूर्वी ते भाजणे. त्यासाठीचा बराचसा पाला आणि गवत वरकस जमिनीतून, म्हणजे खाचरांच्या वरच्या, हलक्या मातीच्या उतारांवरून येई, जेथे नागली आणि वरईही पिकत. उरलेली गरज रानातील ऐनासारख्या झाडांवर भागे.

रेल्वे 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचली, इमारती लाकडाला आणि सरपणाला मागणी वाढली, आणि 1878 च्या वन कायद्यानंतर सरकारी राखीव रानातील टाहाळतोडीवर निर्बंध येऊ लागले. वनखात्याच्या लेखी राब ही झाडांची नासाडी होती. शेतकऱ्याच्या लेखी मात्र त्याशिवाय जोमदार रोप नव्हते आणि रोपाशिवाय लावणी नव्हती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील हा असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला, ज्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राबाला पर्याय शोधण्याआधीच त्याचे साहित्य अडवले गेले, हा त्या धोरणातील मूळ दोष होता.

राबाचे कार्य नेमके कसे चालते, याचा पद्धतशीर शोध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह 1912 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राबाचा लाभ केवळ राखेतील खतामुळे होत नसून माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा असल्याचे दाखवले. शिवाय भाजणीने तणांचे बी मरते, हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी शेतकऱ्याला ठाऊक होते. म्हणून राखेऐवजी दुसरे खत टाका, एवढा सल्ला अपुराच ठरणार होता.

अलीकडचा वेगळा मार्ग उल्हास खोऱ्यातच, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवला. त्यांच्या सगुणा राईस तंत्रात कायम गादीवाफ्यांवर भाताचे बी थेट टोकतात. चिखलणी आणि लावणी टळत असल्याने रोपवाटिकाच लागत नाही आणि तिच्याबरोबर राबही आपोआप सुटतो. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवल्याने तिचा सेंद्रिय कर्ब वाढण्यास आणि धूप रोखण्यास मदत होते. शेतकऱ्याला मोह पडतो तो मात्र प्रामुख्याने लावणीची मजुरी वाचण्याचा, आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण तणाची आहे: भाजणी आणि चिखलणी दोन्ही गेल्यावर तणाचा बंदोबस्त या पद्धतीत मुख्यत्वे तणनाशकावर सोपवला जातो. मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग ज्या भातसेतून जातो, तिच्या पाणलोटात निसर्गस्नेही म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शेतीला याचा हिशेब टाळता येणार नाही. हाताने किंवा कोळप्याने तण काढायचे म्हटले, तर वाचलेली मजुरी पुन्हा खर्ची पडते.