रुग्णालयाचीही प्रतवारी हवी

आम्हां वरूडकरांना संत्र्याची प्रतवारी नवी नाही; रुग्णालयाची प्रतवारी मात्र आम्हांस क्वचितच सुचते. प्रत्येक रुग्णालयाने मृत्यूंची व त्यांच्या कारणांची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली धरला होता. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत औषधखरेदी व तपासणीतील ढिलाई उघड झाली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली. १० बालके दगावली. ज्यांचा जीव गेला, तो मूळ दुखण्याने गेला नाही. म्हणूनच औषधाच्या तपासणीची व अग्निसुरक्षेची नोंद मागणे, हा डॉक्टरांवरील अविश्वास मानू नये. विश्वासाने रुग्णालयात ठेवलेल्या जिवाविषयीचे ते आपले कर्तव्य आहे.