नकाशा विकत घ्यावा लागतो: 'गॉथिक' पुन्हा खेळताना

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये बसला असाल, कुठूनही ऐका. आज गेमिंगच्या इतिहासातली एक अशी मालिका घेतोय, जी जर्मनीत आणि पोलंडमध्ये लोकांना पाठ आहे, पण आपल्याकडे फार थोड्यांनी खेळलीय. नाव 'गॉथिक'. आणि हो, या इतिहासात मध्येच मुंबई येते. त्यामुळे अर्ध्यात सोडू नका.

मी पहिल्यांदा ही खेळलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. मे महिन्याची सुट्टी, मामाचं घर, आणि मामेभावाचा असेंबल केलेला पीसी. यूपीएस नव्हता. लोडशेडिंगची वेळ जवळ आली की दादा मागून ओरडायचा, "सेव्ह कर रे, सेव्ह कर!" एकदा ऐकलं नाही आणि तीन तासांची मेहनत गेली. त्या दिवशी जेवलो नव्हतो.

आता गेमची गोष्ट. मिर्ताना नावाच्या राज्याची ऑर्कांशी लढाई चाललीय. शस्त्रांसाठी खनिज हवं, म्हणून राजा दिसेल त्या गुन्हेगाराला खाणीत पाठवतो. कैद्यांनी पळू नये म्हणून बारा जादूगार खाणीवर जादूचा घुमट उभारतात. घुमट ठरल्यापेक्षा फारच मोठा होतो आणि जादूगार स्वतःच आत अडकतात. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. या गोंधळात कैदी पहारेकऱ्यांना संपवून खाण ताब्यात घेतात. मग राजालाच त्यांच्याकडून खनिज घ्यावं लागतं, आणि बदल्यात ते मागतील ते आत पाठवावं लागतं.

या घुमटात आपल्याला फेकून देतात. दिएगो नावाचा माणूस भेटतो. आपण त्याला आपलं नाव सांगायला जातो, तर तो मध्येच तोडतो, त्याला ऐकायचंच नसतं. हा विनोद पुढे चालूच राहतो. पूर्ण मालिकेत आपल्या हिरोला नाव नाही.

मला विचाराल तर गॉथिकचं सगळं मर्म इथे आहे. दुसऱ्या गेममध्ये पहिल्या मिनिटाला तुम्ही जगाचे तारणहार असता. इथे तुम्ही कोणीच नसता. एक पायाळू पक्षी, स्कॅव्हेंजर, दोन चोचीत तुमचा जीव घेतो. तलवार हातात असते, पण ती धरता येत नाही. शिकवणारा गुरू शोधून शिकलात की हिरोची तलवार धरायची पद्धत स्क्रीनवर खरंच बदलते. कुणाच्या झोपडीत शिरलात तर मालक हटकतो. मारामारीत हरलात तर समोरचा बऱ्याचदा जीव घेत नाही. तुमच्या खिशातलं खनिज काढून घेतो आणि निघून जातो. तो अपमान मरणापेक्षा जास्त झोंबतो.

आणि नकाशा? तो सुरुवातीला नसतोच. ओल्ड कॅम्पमध्ये ग्रॅहम नावाचा नकाशे बनवणारा आहे, त्याच्याकडून विकत घ्यायचा. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. लोक तोंडी रस्ता सांगतात, आपण तो लक्षात ठेवायचा. म्हणजे आपण गावाला गेल्यावर विचारतो ना, "पुढे वड लागेल, तिथून डावीकडे," अगदी तसं.

हे बनवणारी कंपनी होती पिरान्हा बाइट्स. १९९७ मध्ये जर्मनीतल्या बोखुम शहरात सुरू झाली, पुढे शेजारच्या एसेनला गेली. हा सगळा रूर भाग, म्हणजे जर्मनीचा कोळसा आणि पोलाद पट्टा. पहिला गॉथिक आला मार्च २००१ मध्ये. त्याच वर्षी एसेनची बंद पडलेली झोलफेराइन कोळसा खाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. एकीकडे खरी खाण वारसा झाली, दुसरीकडे बाजूच्या शहरातल्या पोरांनी खाण कामगारांचा गेम काढला. हा संबंध मी जोडतोय हं, त्यांनी तसा दावा केलेला नाही. पण गॉथिकमधली माणसं जशी रोखठोक, थोडी शिवराळ बोलतात, त्याला जर्मन चाहते 'रूरपॉट चार्म' म्हणतात. आपल्या कोल्हापूरकडच्या लोकांना ही भाषा लगेच कळेल.

'गॉथिक २' आला नोव्हेंबर २००२ मध्ये. घुमट पडलाय, आपण बाहेर आहोत. आणि मग कथा आपल्याला पुन्हा त्याच खाणीच्या खोऱ्यात पाठवते. जिथे पहिल्या गेममध्ये बाजार होता, झोपड्या होत्या, तिथे राख आहे. किल्ल्याला ऑर्कांनी वेढा घातलाय. रस्ता तोच, पण आपल्याला हटकणारा कुणी उरलेला नाही. ओळखीच्या जागी परत गेल्यावर ती जागा तशी उरलेली नसते, हे मला एका गेमने बाराव्या वर्षी सांगितलं. ते समजलं मात्र बऱ्याच वर्षांनी. मामाचं ते घर विकलं तेव्हा.

ऑक्टोबर २००६ मध्ये 'गॉथिक ३' आला. जग प्रचंड मोठं, आणि बगही तितकेच. तेव्हा विनोद असा होता की गेममधला सगळ्यात भयानक शत्रू ऑर्क नाही, रानडुक्कर आहे. एकदा त्याने धडक द्यायला सुरुवात केली की तुम्हाला तलवार उचलायलाच मिळत नसे. २००७ मध्ये पिरान्हा बाइट्स आणि प्रकाशक जोवूड वेगळे झाले. 'गॉथिक' हे नाव काही वर्षं प्रकाशकाकडे राहिलं, आणि ते घडवणारे लोक 'रायझन' नावाची नवी मालिका करायला गेले.

आता मुंबई. नाव हातात, पण मूळ टीम नाही, म्हणून जोवूडने पुढचा भाग बाहेर करायला दिला. 'फॉरसेकन गॉड्स' बनवला मुंबईच्या ट्राइन गेम्सने. नोव्हेंबर २००८ मध्ये तो आला आणि समीक्षकांनी झोडपून काढला. बग, अर्धवट वाटणारं जग, कच्चे संवाद. टीका चुकीची नव्हती. मी खेळलोय, त्रास होतो.

पण नोकरीला लागल्यावर मी त्या गेमकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. माझ्या पहिल्याच वर्षी मला दुसऱ्या टीमचा कोड मिळाला. लिहिणारे सोडून गेलेले, डॉक्युमेंटेशन शून्य, तारीख आधीच ठरलेली. रिलीज फसला. कमिट माझ्या नावावर होता, म्हणून बोलणीही मीच खाल्ली. 'फॉरसेकन गॉड्स' बनला तो 'गॉथिक ३'च्याच इंजिनवर, ज्याचे जुने बग अजून निस्तरले जात होते. मी ट्राइनची वकिली करत नाहीये. एवढंच म्हणतोय की क्रेडिट्समध्ये शेवटी हात लावणाऱ्याचं नाव येतं. आधीच्या चुकांची क्रेडिट्स कुणी छापत नाही.

मग हा वारसा निस्तरला कुणी? चाहत्यांनी. 'गॉथिक ३'चा कम्युनिटी पॅच त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. १.७५ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली, म्हणजे गेमनंतर सहा वर्षांनी. आज तो गेम नीट खेळता येतो तो याच पॅचमुळे. पहिले दोन भाग नव्या विंडोजवर चालावेत म्हणून पॅच चाहत्यांचे, नवा ग्राफिक्स रेंडररही चाहत्यांचा.

त्यांना हे जमलं याचं एक कारण पिरान्हा बाइट्सनेच दिलं होतं. कंपनीने मॉडिंगची साधनं लोकांच्या हाती दिली. मी त्या स्क्रिप्ट्स उघडून पाहिल्यात. प्रत्येक पात्राचा दिवस काही ओळींत मावतो: किती ते किती झोप, कुठल्या झोपडीत, मग कुठल्या शेकोटीपाशी उभं राहायचं. लहानपणी जो माणूस मला जिवंत वाटायचा, तो सहासात ओळींचा निघाला. जादू जाईल असं वाटलं होतं. पण एवढ्याशा ओळींत माणूस उभा केला म्हणून आदर उलट वाढला.

याच पायावर पोलंडच्या चाहत्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये 'द क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना: आर्खोलोस' आणला. नवं बेट, नवी कथा, सगळे संवाद पोलिश आवाजांत, आणि किंमत शून्य. एकोणीस वर्षं जुन्या इंजिनवर!

पिरान्हा बाइट्स २०२४ मध्ये बंद झाली. मूळ कंपनी एम्ब्रेसरच्या कपातीत गेली. बातमी वाचली त्या शनिवारी मी पहिला गॉथिक पुन्हा इन्स्टॉल केला. खरं सांगू, पहिला अर्धा तास वैताग आला. वस्तू उचलायला एक बटण दाबून धरायचं आणि वर बाण. कुणी असं डिझाइन करतं? वाटलं, आपली आठवणच गोड होती, गेम नाही.

मग अंधार पडला आणि मी नकाशा न उघडता ओल्ड कॅम्पच्या फाटकापर्यंत पोहोचलो. कुठे वळायचं, कुठल्या कडेला स्कॅव्हेंजर असतात, सगळं बोटांना माहीत होतं. मागच्याच वर्षी खेळलेल्या एका मोठ्या गेममधला एक रस्ताही मला आठवत नाही. तिथे मी बाणाच्या मागे चालत होतो. इथे स्वतः चुकून शिकलो होतो. फरक एवढाच आहे, आणि पुन्हा खेळल्यावर तोच टिकलेला सापडतो.

दादाला स्क्रीनशॉट पाठवला. तो आता बाहेरदेशी असतो, तिकडे मध्यरात्र होती. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सेव्ह केलंस का?"

तर मंडळी, गॉथिक खेळायचा असेल तर आधी कम्युनिटी पॅच टाका, मग गेम सुरू करा. आणि ग्रॅहमकडून नकाशा घ्यायची घाई करू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!