धनुर्मासातील थंडी व ज्येष्ठ भाविकांचे आरोग्य

सूर्याने धनु राशीत प्रवेश केला, की साधारणतः १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत सूर्योदयापूर्वी खिचडी, बाजरीची भाकरी व लोण्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा ग्वाल्हेरीतील मराठी घराण्यांनी आजही सांभाळली आहे. परंतु येथील पहाट पुण्याची नव्हे. या दिवसांत पारा अनेकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो आणि धुक्यामुळे बराच वेळ ऊन पडत नाही. मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंश वा त्याहून कमी झाले, की हवामान खाते शीतलहर मानते. अशा दिवशी सत्तरी ओलांडलेल्या भाविकांनी दर्शनास ऊन पडल्यावरच यावे, अशी आमची विनंती आहे.

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृदयावर भार येतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी या काळात दाब अधिक वेळा तपासून घ्यावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत. थंड पाण्याने स्नान करून ओलेत्याने प्रदक्षिणा घालणे टाळावे. कोमट पाण्याने नेमात उणेपणा येतो, असे आम्हांस वाटत नाही.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे यास वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. वृद्धांमध्ये तो गाजावाजा न करता येतो. प्रथम कापरे भरते, मग बोलणे जड होते, पाऊल अडखळते, गुंगी येते. घरच्यांना मात्र आजोबा पेंगत आहेत असेच वाटते. अंग गार असताना कापरे थांबले, तर ते सुधारणेचे नव्हे, प्रकृती ढासळल्याचे चिन्ह होय. घरातील काचेच्या थर्मामीटरवरील आकडे बहुधा ३५ च्या आसपासच सुरू होतात, म्हणून त्यावर विसंबू नये. कपड्यांच्या आत पोटाला हात लावून पाहावा. तेथेही गार लागल्यास तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. तोवर ओले कपडे बदलून अंगावर कोरडी पांघरुणे घालावीत आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम गोड दूध द्यावे. हातपाय चोळू नयेत. ब्रँडी तर मुळीच देऊ नये. तिने त्वचेकडे रक्त धावते व उरलीसुरली ऊबही निघून जाते.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे हा या भागातील जुना व घातक परिपाठ आहे. अर्धवट जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, आणि झोपलेला मनुष्य जागा न होताच दगावू शकतो. शेगडी पेटती असेपर्यंत खिडकी उघडी ठेवावी व निजण्यापूर्वी ती बाहेर न्यावी.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. वृद्धांना न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. श्वास जलद चालणे, अन्न नकोसे होणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.